नाव नसलेली जर्सी

2 नोव्हेंबर 2025, रविवार, पिट्सबर्ग

झोप झालेली नाही. काल मॅच संपली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मग दोन वाजता घड्याळं एक तास मागे गेली, म्हणजे हिशेबाने एक तास फुकट मिळाला. पण पाच वाजता सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला, "उठलास का? वर्ल्ड कपची फायनल आहे ना आपल्या पोरींची!" उठलो, तर नव्या मुंबईत पाऊस आणि मैदानावर आच्छादनं. आज एकादशी, बायकोने साबुदाणा भिजवून ठेवलाय. पाऊस थांबेपर्यंत हे लिहून घेतो.

काल लॉस एंजेलिसचे डॉजर्स पुन्हा जिंकले. वर्ल्ड सिरीज म्हणजे इथल्या बेसबॉलची फायनल, तिची सातवी मॅच, अकराव्या इनिंगपर्यंत गेलेली, 5-4. टोरांटोला फक्त दोन आउट हवे होते आणि मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी केली. डॉजर्समधल्या बड्या पगारवाल्यांत त्याचं नाव कुणी घेणार नाही. शेवट मात्र त्यांचा पिचर (बॉल टाकणारा) यामामोतोने केला. शुक्रवारी सहा इनिंग्ज टाकलेला माणूस शनिवारी परत उभा! बारा वर्षांचे साडेबत्तीस कोटी डॉलर घेतलेत त्याने, पण काल त्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

सलग दोनदा विजेतेपद याआधी यँकीजनी 1998 ते 2000 अशी तीन वर्षं जिंकताना मिळवलं होतं. त्यानंतर कालच.

लेक माझ्याशेजारी अर्धवट झोपेत होती. एकाच बॉलवर दोन आउट होऊन मॅच संपली तशी म्हणाली, "बाबा, आपला स्कीन्स कधी जाणार?" पॉल स्कीन्स म्हणजे आमच्या पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर. जाणार का, असं नाही विचारलं. कधी जाणार!

अकरा वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं? मीच. जुलैत पायरेट्सच्या मैदानातल्या, पीएनसी पार्कच्या दुकानात ती त्याची 30 नंबरची जर्सी धरून उभी होती आणि मी म्हणत होतो, "अगं, पाठीवर नाव नसलेली घे, जास्त वर्षं वापरता येईल." ऑफिसातल्या एकाच्या तळघरात कोलची 45 नंबरची जर्सी आहे, गाडी पुसायला वापरतो. पिचर गेरिट कोलला पायरेट्सनी 2011 मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या क्रमांकावर घेतलं, 2018 च्या सुरुवातीला ह्यूस्टनला देऊन टाकलं आणि पुढच्याच वर्षी यँकीजनी त्याला 32 कोटी 40 लाख डॉलरला उचललं. स्कीन्सही पहिल्याच क्रमांकाचा, 2023 चा. लेकीने ऐकलं नाही. नाववालीच घेतली.

यंदा स्कीन्सचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या रन्सची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) 1.97 आणि जमाखर्च दहा विजय, दहा पराभव. एवढं टाकूनही दहा हरला, कारण पुढे बॅटिंगच नाही. संघाचे 71 विजय, 91 पराभव. स्कीन्सचा पगार 8 लाख 75 हजार डॉलर. न्यूयॉर्क मेट्सच्या हुआन सोटोचा करार पंधरा वर्षांचा, 76 कोटी 50 लाखांचा, म्हणजे वर्षाला स्कीन्सच्या पन्नासपटीहून जास्त. आणि एवढं करून मेट्स यंदा प्लेऑफमध्येही नव्हते! हे वाचून मला जो आनंद झाला तो काही सात्त्विक नव्हता.

डॉजर्सच्या ओहतानीचं तर अजबच. दहा वर्षांचे 70 कोटी, पण हातात वर्षाला 20 लाख. उरलेले 68 कोटी 2034 पासून पुढे दहा वर्षं. गावातल्या किराणावाल्याकडेही एवढी लांब उधारी चालत नाही. पण तो उधारी देतो आणि डॉजर्स त्या पैशात आणखी खेळाडू आणतात. पगारावर मर्यादा नाही, फक्त ठरलेल्या रेषेपलीकडे कर. तो त्यांनी 2024 साली 10 कोटींहून जास्त भरला. आमच्या अख्ख्या संघाचा पगार तेवढा नव्हता. त्यांचा स्थानिक टीव्हीचा करारच पंचवीस वर्षांचा, 835 कोटींचा.

पूर्वी मी सरळ खेळाडूंना हावरट म्हणायचो. मग कर्ट फ्लड या जुन्या बेसबॉल खेळाडूबद्दल वाचलं. 1969 मध्ये सेंट लुइसने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला दिला. तो म्हणाला, मी जाणार नाही. तेव्हाच्या नियमाने करार संपला तरी खेळाडू क्लबच्याच ताब्यात राहायचा. 1972 मध्ये तो सुप्रीम कोर्टात हरला, करिअरही गेलं. 1975 मध्ये लवादाने तो नियम मोडला, तेव्हा फायदा दुसऱ्यांना झाला. हे मी रात्री एकदाच वाचलं आणि लॅपटॉप मिटून बसलो. मी एच-वन-बीवर आहे. नोकरी बदलायची म्हणजे नव्या कंपनीने कागद पुन्हा घालायचे, ग्रीन कार्डची रांग आहेच. हावरट कोण, हा प्रश्न त्यानंतर तितका सोपा राहिला नाही. स्कीन्सही पहिली सहा वर्षं, म्हणजे 2029 पर्यंत क्लबचाच. लेक तेव्हा पंधराची असेल.

पण म्हणून पगारावर मर्यादा नकोच, असंही मला म्हणवत नाही, कारण याच गावात, याच काळ्या-सोनेरी रंगात आणखी दोन संघ खेळतात, आणि त्यांच्या खेळांत पगारमर्यादा आहे. फुटबॉलमधल्या स्टीलर्सचे सहा सुपर बोल. हॉकीतल्या पेंग्विन्सनी मर्यादा आल्यानंतर तीन वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे विजेतेपद, आणलं. गाव तेच, लोक तेच. पायरेट्सचं शेवटचं विजेतेपद 1979 चं. मध्ये 1993 पासून सलग वीस हंगाम विजयांपेक्षा पराभवच जास्त. हॉकीला ती मर्यादा फुकट मिळाली नाही, 2004-05 चा अख्खा हंगाम बुडाला. बेसबॉलमध्ये 1994 ला मर्यादेच्याच वादावर संप होऊन वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती. आता क्लब आणि खेळाडू संघटनेतला करार 1 डिसेंबर 2026 ला संपतोय.

मला विचाराल तर वरच्या मर्यादेबरोबर खालचीही हवी, अमुक एवढं खर्च करायलाच पाहिजे अशी. श्रीमंत क्लबांच्या उत्पन्नातला वाटा छोट्या क्लबांना मिळतो, तो मैदानावर दिसायला नको का? यंदा आमच्या घरच्या पहिल्या मॅचला आकाशात विमानामागे फलक फिरत होता, संघ विकून टाका म्हणून. लेकीने तो मोठ्याने वाचला होता.

पाऊस थांबला. दोन तास उशिरा का होईना, स्मृती आणि शफाली उतरल्यात. फोनवरून आई सांगतेय, "आपल्या सांगलीची आहे हो स्मृती!" लेक डोळे चोळत खाली आली.

"हिला कुणी विकत घेऊ शकतं?"

"आरसीबीने घेतलंय की. 3 कोटी 40 लाख रुपयांना, 2023 मध्ये."

"मग गेली का सोडून?"

"नाही, तिथेच आहे अजून."

ती काही बोलली नाही. ड्रायरमधून स्कीन्सची जर्सी काढून आणली, अंगावर चढवली आणि खिचडीची ताटली घेऊन टीव्हीसमोर बसली.