खवले झडलेला स्प्रिंगटेल

केप टाऊनजवळच्या फिनबॉस झुडपांखालचा पालापाचोळा बर्लेसे फनेलमध्ये टाकलेला होता. वरच्या बल्बची ऊब आणि कोरडेपणा टाळत जीव खाली सरकतात आणि अल्कोहोलच्या कुपीत पडतात. त्यातले दोनेक मिलिमीटरचे, पिवळटावर जांभळे पट्टे असलेले स्प्रिंगटेल, म्हणजे पोटाखालच्या काट्यानं उडी मारणारे सहापायी जीव, माझ्या टेबलावर आले, तेव्हा लेबलवर पेन्सिलीनं ‘एंटोमोब्रिया?’ असं एका प्रजातीचं (जीनसचं) नाव लिहिलं होतं. अख्खा दिवस त्या प्रश्नचिन्हावर गेला.

कूळ लगेच ठरलं. छातीचा पहिला खंड वरून दिसत नाही, म्हणजे स्प्रिंगटेलांचा पोड्युरोमॉर्फा हा गट बाद. पोटाचा चौथा खंड तिसऱ्याच्या कितीतरी पट लांब, म्हणजे आयसोटोमिडी हे कूळही नाही. तिथं हे दोन खंड साधारण सारखे असतात. उरलं एंटोमोब्रिइडी. डोळे दोन्हीकडे आठ-आठ, अंगावर खवला एकही नाही. एंटोमोब्रियाला खवले नसतात, तेव्हा लेबल लिहिणाऱ्याचा तर्क सरळ होता. मला मात्र अल्कोहोलमधल्या टकल्या नमुन्यावर विश्वास नाही. कुपी हिंदकळली, चिमटा लागला, की खवले झडतात.

दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत युरोपातली ओळख-किल्ली, म्हणजे एकेक लक्षण विचारत नावापर्यंत नेणारा तक्ता, घेऊन बसणं धोक्याचं. इथल्या प्राण्यालाही ती काही ना काही नाव देतेच. २०१५ साली निघालेल्या सुधारित यादीत देशातल्या १२४ जाती होत्या. त्यांतल्या ७५ फक्त तिथल्याच आणि २५ बाहेरून आलेल्या मानल्या आहेत. नाव चुकलं तर मूळचा रहिवासी पाहुणा ठरतो.

नमुना १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये थंडच ठेवला, काही मिनिटं. डोळ्यांचा काळा रंग उतरू लागला की बाहेर. जास्त राहिला तर कातडी लिबलिबीत होते आणि रोम, म्हणजे अंगावरचे केस, गळतात. मग पाणी, मग लॅक्टिक आम्ल. नमुना स्लाइडवर बसवायचं हॉयरचं माध्यम नेहमीचं : पाणी ५० मिली, बाभूळवर्गी झाडांचा डिंक ३० ग्रॅम, क्लोरल हायड्रेट २०० ग्रॅम, ग्लिसरीन २० मिली. डोकं वेगळं केलं. फर्का, म्हणजे उडीचा काटा, मुळाशी कापून कुशीवर ठेवला. हे टाळलं तर तो पोटाखाली दुमडलेलाच राहतो आणि त्याचं टोक, म्युक्रो, वरून नुसता ठिपका दिसतो. या कुळात तर निम्मं उत्तर त्या टोकाशीच असतं.

ऑइल इमर्शनखाली १००० पटीत म्युक्रो विळ्यासारखा वाकलेला, एकाच दाताचा निघाला. बुडाशी काटा नाही. एंटोमोब्रियाच्या म्युक्रोला दोन दात आणि बुडाशी काटा. ते नाव तिथेच गळालं. त्याच कुळातलं लेपिडोसायर्टसही गेलं, त्यालाही दोनच दात.

पण इथं थांबता येत नाही. असा म्युक्रो याच कुळातल्या सायराचा असतो, तसा ड्रेपॅनुराचाही. सायराला खवले असतात, ड्रेपॅनुराला नसतात. म्हणजे प्रश्न असा : याला खवले कधी होते का? कुपीच्या तळाच्या गाळात खवले भरपूर होते. पण कुपी मिश्र, तेव्हा तो पुरावा नव्हे. खवला गळला तरी त्याची खोबण कातडीत राहते, मोठ्या रोमांच्या खोबणींपेक्षा बरीच बारीक. सूक्ष्मदर्शकाच्या फेज कॉन्ट्रास्टमध्ये, म्हणजे पारदर्शक बारकावे उठून दिसणाऱ्या प्रकाशयोजनेत, पाठीवर त्या दाट दिसल्या. मग दोन खंडांच्या घडीत अडकलेले तीन खवले सापडले, एक तर खोबणीतच बसलेला. सायरा.

हे प्रौढावरच तपासायचं, कारण पहिल्या अवस्थेतल्या पिलाला खवले नसतातच. पाचव्या खंडाच्या पोटाकडे जननरंध्र पूर्ण दिसलं, ते आडव्या फटीसारखं. म्हणजे प्रौढ मादी.

जातीचं नाव मात्र दिलं नाही. त्यासाठी डोक्यावरच्या, छातीच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडांवरच्या आणि पोटाच्या पहिल्या चार खंडांवरच्या मोठ्या रोमांचा नकाशा हवा, आणि नरही हवा. सायराच्या काही जातींत नराच्या पुढच्या पायांवर वेगळे काटे असतात. जुनी वर्णनं बरीचशी रंगाच्या पट्ट्यांवर बेतलेली, आणि अल्कोहोलमध्ये रंग उतरत जातो. स्लाइड ४५ अंशांवर वाळायला ठेवली, कव्हरस्लिपच्या कडा नंतर लाख लावून बंद करायच्या. उरलेले नमुने डीएनएसाठी ९६ टक्के अल्कोहोलमध्ये, प्रत्येक वेगळ्या नळीत. लेबलवर ‘सायरा, जात अनिश्चित, खवले झडलेले’, आणि मूळचं पेन्सिलीचं लेबलही त्याच कुपीत.