हनिफारूचं गढूळ पाणी

मालदीवला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी फोटो मागतात, आणि माझे फोटो बघितले की जरा गप्पच होतात. निळंशार पाणी, पांढरी वाळू वगैरे आहे थोडीफार, पण बाकी सगळे फोटो हिरवट, धुरकट, मधे कण कण तरंगतायत असे. मी मुद्दाम पावसाळ्यात गेलो होतो आणि मुद्दाम तिथलं सगळ्यात गढूळ पाणी शोधत गेलो होतो, हे समजावून सांगता सांगता दमलो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

जागा म्हणजे बा अटॉलमधला हनिफारू बे (अटॉल म्हणजे प्रवाळांचं कडं आणि त्यावरची बेटं). मालेहून छोट्या विमानाने धरवंधूला उतरायचं, जेमतेम अर्ध्या तासाच्या आत पोचतो, आणि तिथून बोटीने अगदी थोडं अंतर. बे म्हणजे प्रवाळाच्या कड्यांमधला एक खिसा आहे, फार मोठा नाही. २००९ पासून हा भाग संरक्षित आहे, २०११ मध्ये अख्खा बा अटॉल युनेस्कोच्या बायोस्फियर रिझर्व्हच्या यादीत गेला, आणि २०१२ पासून इथे स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचं नळकांडं बांधून बुडी मारणं, बंद, फक्त स्नॉर्केल, म्हणजे वरच तरंगत नळीने श्वास घ्यायचा. सोबत गाईड हवाच, वेळ ठरलेला म्हणजे ४५ मिनिटं, आणि रेंजर लोक बोटीतून लक्ष ठेवून असतात. हे नियम मला तरी एकदम पटले, एवढ्याशा जागेत बुडबुडे सोडणारे पन्नास डायव्हर घुसले असते तर काय झालं असतं.

लोक येतात ते मांटा रे बघायला. आपल्याकडच्या पाकटाचंच घराणं, फक्त शेपटीत काटा नाही, आणि पंख पसरले की तीन-साडेतीन मीटर आरामात. पण मांटा इथे येतो तो खायला, आणि एवढं धूड खातं काय तर झूप्लँक्टन, म्हणजे प्राणी प्लवक, पाण्याबरोबर वाहत राहणारे बारीक जीव. त्यातही मुख्य कोपेपॉड, एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक, कोळंबी-खेकड्यांचे लांबचे भाऊबंद. उष्ण कटिबंधातले तर थंड समुद्रातल्यांपेक्षा साधारण लहानच असतात.

आता हे सगळं नेमकं इथेच का गोळा होतं? नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की इथला प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहायला लागतो, मधे मालदीवची पाण्याखालची लांबलचक डोंगररांग आडवी येते, पाणी घुसळलं जातं, आणि खोलातलं पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. बेटांमुळे आजूबाजूचं पाणी असं सुपीक होतं त्याला आयलंड मास इफेक्ट म्हणतात, हे नाव १९५६ पासूनचं आहे. त्या खतावर वनस्पती प्लवक माजतात, त्यांच्यावर कोपेपॉड, आणि हे सगळं वाहत अटॉलच्या पूर्व बाजूला येतं. हनिफारू पूर्वेलाच आहे. त्यात पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती आली की पाणी त्या खिशात शिरतं, आणि पुढे वाट नसल्यामुळे पाणी निघून गेलं तरी प्राणी तिथेच कोंडले जातात. म्हणून मे ते नोव्हेंबर सीझन, आणि त्यातही गाईड लोक आधी तिथी बघतात, मग हवामान.

पहिल्या दिवशी पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ होतं. बोटीतली मंडळी जाम खूश, विजिबिलिटी बघा म्हणत व्हिडिओ काढत होती. गाईडचं तोंड मात्र उतरलेलं. आणि झालंही तसंच, मांटा एकही नाही, काही फ्युजिलियर मासे आणि एक आळसावलेलं कासव, बास. मला तेव्हाच कळलं की ब्रोशरमध्ये आपल्याला जे विकतात ते उपाशी पाणी असतं. डार्विनलासुद्धा ह्याच गोष्टीचं नवल वाटलं होतं म्हणतात, एवढ्या ओसाड, पोषण नसलेल्या समुद्रात प्रवाळांचं एवढं गजबजलेलं गाव जगतं कशावर?

पुढच्या भरतीला गेलो तर पाण्यात तोंड घातल्या घातल्या ओठांवर आणि गळ्यावर टुचटुच व्हायला लागलं. जेलीफिशची बारकी भावंडं, डोळ्यांना दिसतही नाहीत पण डंख मारतात. गाईड म्हणाला, "टोचतंय ना? मग आज येणार." आणि मास्कसमोर हात धरला तर बोटांच्या आसपास कवडशात धूळ दिसते तसे कण, पण धूळ नुसती तरंगते, हे कण मधेच टणकन उडी मारून बाजूला होत होते. तेच कोपेपॉड. दोन लांब मिशांना पाण्यातली हालचाल कळते आणि धोका वाटला की एका सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या शेकडो पट वेगाने उडी मारतात. माझ्या हातापासून वाचले, पण मांटापासून नाही वाचत बिचारे.

कारण मग ते आलेच. आधी धुक्यातून नुसतं एक पांढरं भोक दिसलं, उघडं तोंड, दोन्ही बाजूंना ते शिंगासारखे पंख सोडून फावड्यासारखे पुढे धरलेले. तोंड एवढं मोठं की आतून कल्ल्यांच्या फटींमधून पलीकडचा उजेड दिसतो. एकामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, पुढच्याच्या शेपटीला मागच्याचं तोंड लागेल अशी रांग, दहा-बारा तरी असतील, आणि रांग वळत वळत गोल व्हायला लागली. अन्न खूप दाट असलं की हे गोल चक्रीवादळासारखं फिरतं, तेव्हा पन्नासच्या वरसुद्धा असतात म्हणे, मला तेवढे नाही दिसले. आपण मधे येतोय म्हणून एखाद्या मांटाने वाट बदलली असं काही नाही, नुसता खाली सरकला, पोटावरचे काळे ठिपके दाखवत गेला (त्या ठिपक्यांवरूनच प्रत्येकाची ओळख ठेवतात), परत तोंड उघडं.

त्यांची गाळायची पद्धत पण भारी आहे. साधी गाळणी असती तर चिखल बसून तुंबली असती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की कल्ल्यांवरच्या पाकळ्यांवर कण आपटून उसळतात आणि घशाकडे ढकलले जातात, पाणी तेवढं फटीतून निसटतं, त्यामुळे फटीपेक्षा बारीक कणसुद्धा सापडतात आणि गाळणी साफच राहते. आणि अन्न विरळ असेल तर मांटा तोंड उघडायची तसदी घेत नाही. ऑस्ट्रेलियात लेडी एलियट बेटापाशी मोजलं तर एक घनमीटर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम सुकं वजन एवढे प्लवक असले की मगच ते खायला लागतात. ११ मिलिग्रॅम! तोंड उघडं ठेवून पोहायचं म्हणजे पाण्याचा रेटा वाढतो, दमणूक होते, तेवढं तरी सुटायला नको का. हा हिशेब जनावराला कसा कळतो देव जाणे.

रात्री जेट्टीवर बसून टॉर्च पाण्यात धरणं हा माझा सगळ्यात आवडता उद्योग झाला, मांटापेक्षाही म्हणा हवं तर. पाच मिनिटांत उजेडात गर्दी. दिवसभर वाळूत आणि प्रवाळाच्या भेगांत दडून बसलेले अँफिपॉड, ऑस्ट्रॅकॉड, काचेसारखे मायसिड (हे तिघेही कोळंबीच्याच गोतावळ्यातले), स्वतःभोवती गरगर फिरणारे केसाएवढे किडे, सगळे अंधार पडला की वर येतात, कारण दिवसा वर आलं तर मासे टिपतात. एका ग्लासात थोडं पाणी घेऊन भिंगाने बघितलं तर त्यात खेकड्याचं पिल्लू, झोइया म्हणतात त्याला, डोक्यावर लांब काटा आणि अंगाच्या मानाने वाट्टेल तेवढे मोठे डोळे. जेट्टीच्या खांबावर पळणारा खेकडा पण कधीतरी असाच वाहत आलेला. लॉबस्टरची पिल्लं तर चपटी पारदर्शक होऊन महिनोन्‌महिने समुद्रात भटकतात. ग्लास परत ओतून दिला.

आणि ह्याच वेळी प्रवाळ जेवतं. दिवसा त्याच्या अंगातलं शेवाळ उन्हावर साखर करून देतं, पण नुसत्या साखरेवर कसं भागणार, नायट्रोजन-फॉस्फरस हवं, ते रात्री बारीक हात पसरून पकडलेल्या प्लवकांतून मिळतं. हे इथे जास्त महत्त्वाचं आहे कारण १९९८ आणि २०१६ ला समुद्र तापून मालदीवचं प्रवाळ वाईट तऱ्हेने पांढरं पडलं होतं. पांढरं पडणं म्हणजे शेवाळ निघून जाणं, म्हणजे साखरेचा पुरवठा बंद. हवाईतल्या प्रयोगात असं दिसलं की अशा वेळी एक जात झूप्लँक्टन खाणं वाढवून तग धरते, बाकीच्यांना ते जमलं नाही.

स्पंजकडे मात्र कोणी बघतच नाही, मीही आधी बघायचो नाही. २०१३ मध्ये कॅरिबियनमधल्या संशोधनातून कळलं की प्रवाळ आणि शेवाळ जे सेंद्रिय द्रव्य पाण्यात विरघळून सोडतात, जे बहुतेकांना खाताच येत नाही, ते स्पंज शोषून घेतात आणि स्वतःच्या पेशी झडझडून टाकतात, आणि तो कचरा बारीक खेकडे, किडे, गोगलगाई खातात. डार्विनच्या कोड्याचं एक उत्तर ह्या भोकाभोकांच्या गोळ्यात होतं तर.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, अंगभर रॅशगार्ड, म्हणजे पोहायचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख, घाला, टोचणं कमी होतं आणि सनस्क्रीनही कमी लागतं. आणि निळ्याशार पाण्यातला मांटाचा फोटो हवा असेल तर हनिफारूत हट्ट धरू नका, गाईडला क्लीनिंग स्टेशन विचारा. तिथे मांटा एका जागी घिरट्या घालत थांबतो आणि छोटे क्लीनर रॅस (wrasse) जातीचे मासे त्याच्या अंगावरचे परजीवी वेचून खातात. ते परजीवी कोण तर बरेचसे कोपेपॉडच, मांटाच्या कातडीला चिकटून मांटालाच खाणारे.