दर सात मिनिटांनी जागी होणारी गाडी

तक्रार साधी होती. दसऱ्याला घेतलेली नवीकोरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, आणि मंगळवारी सकाळी सेल्फ घेत नाही. दर मंगळवारी नाही, पण महिन्यातून दोनदा तरी. मालक हिंजवडीला नोकरीला, ऑफिस मंगळवार ते गुरुवार. म्हणजे मध्ये कुठे जाणं झालं नाही, तर गाडी गुरुवारी रात्री पार्किंगमध्ये लागली की थेट मंगळवारी सकाळी हलणार. मध्ये साडेचार दिवस. अधिकृत सर्व्हिस सेंटरने एकदा वॉरंटीत बॅटरी बदलून दिली. दुसऱ्या वेळी टेस्टर लावून "बॅटरी ओके आहे, गाडी रोज चालवा" असं सांगितलं. सिंहगड रोडवरून ट्रॅफिकमधून तासभर चालवत नेलेल्या गाडीची बॅटरी ओकेच दिसणार. उतरलेली बॅटरी तपासायची तर ती उतरलेली असताना गाडी ताब्यात घ्यावी लागते, निदान एक रात्र ठेवून घ्यावी लागते. तेवढी सवड कुणी काढत नाही.

मग मालकांनी माझ्या वर्कशॉपला फोन केला. मी पहिला प्रश्न विचारला, "आत काही एक्स्ट्रा बसवलंय का?" ते म्हणाले, "फक्त लाइट्स. पायाशी आणि वर छताच्या कडेला, मोबाइलवरून रंग बदलतात ते. बाकी काही नाही."

आजच्या गाडीत 'फक्त लाइट' असं काही उरलेलं नाही. जुन्या गाडीत छतातल्या दिव्याला एका बाजूने कायम करंट आणि दुसऱ्या बाजूने दाराच्या बटणाचं अर्थिंग असायचं. दार उघडलं, बटण सुटलं, दिवा लागला, म्हणून दाराच्या वायरीवर अजून चार दिवे टांगले तरी चालून जायचं. आता दाराचं बटण दिवा लावत नाही, ते फक्त बीसीएमला, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, दार उघडं आहे की बंद ते सांगतं. बीसीएम त्या वायरीवर काही मिलिॲम्पियरचा करंट सोडून चाचपणी करतो आणि दिवा लावायचा, हळूहळू विझवायचा की बॅटरी वाचवायला थोड्या वेळाने पूर्ण तोडायचा हे स्वतः ठरवतो. बटणही आता लॉकच्या आत बसलेला इवलासा मायक्रोस्विच असतो. त्यावर अर्धा ॲम्पियरचा लोड टाकला तर त्याचे पॉइंट जळतात, आणि ते जळले की अख्खं लॉक बदलावं लागतं.

गाडी बुधवारी संध्याकाळी ताब्यात घेतली. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद केलं आणि ड्रायव्हरच्या दाराचंही तसंच, म्हणजे गाडीला सगळं बंद वाटतं आणि हात मात्र आत जातो. चावी ऑफिसच्या कपाटात, गाडीपासून लांब, कारण स्मार्ट चावी जवळ असली की काही गाड्या झोपतच नाहीत, म्हणजे त्यांचे मॉड्यूल जागेच राहतात. बॅटरीची मायनस केबल काढून मीटर लावायचा मोह टाळायचा. केबल निघाली की सगळे मॉड्यूल रीसेट होतात आणि आजार काही वेळ लपतो. मायनसवर डीसी क्लॅम्प, म्हणजे वायर न तोडता बाहेरूनच करंट मोजणारा चिमटा, लावला आणि चाळीस मिनिटं कुणी गाडीला हात लावला नाही.

निरोगी गाडी झोपल्यावर 20 ते 50 मिलिॲम्पियर खाते. ही 28 वर आली. इतकी छान की क्षणभर वाटलं, दोष नाहीच. सर्व्हिस सेंटरमध्येही बहुधा इथेच थांबले असणार. पण चार मिनिटांनी आकडा उडाला, थेट 1.1 ॲम्पियर. मग 0.8, मग आणखी तीन मिनिटांनी परत 28. पुन्हा चार मिनिटं शांत, पुन्हा उडी. मी तासभर वहीत वेळ लिहीत बसलो. दर सात मिनिटांनी कुणीतरी दाराची बेल वाजवत होतं आणि सगळं घर उठून बसत होतं.

हिशोब करा. सरासरी 400 मिलिॲम्पियर, म्हणजे दिवसाला साडेनऊ ॲम्पियर-अवर. बॅटरी 35 ॲम्पियर-अवरची. साडेचार दिवसांत त्रेचाळीस लागणार. रोज चालवली तर रात्रीचं पाचेक भरून निघतं आणि कळतही नाही. 28 मिलिॲम्पियरने त्याच साडेचार दिवसांत जेमतेम तीन गेले असते.

असा चढउतार दिसला की फ्यूज उपटत सुटायचं नाही. फ्यूज काढून परत घातला की मॉड्यूल जागे होतात आणि आपलीच दिशाभूल होते. फ्यूजच्या पाठीवर जे दोन उघडे ठिपके असतात त्यांवर मिलिव्होल्टमध्ये मीटर धरायचा. 10 ॲम्पियरच्या मिनी फ्यूजवर 3 मिलिव्होल्ट दिसले तर त्यातून साधारण 400 मिलिॲम्पियर जातोय. इथे उडीच्या वेळी चार-पाच फ्यूज एकदम जिवंत होत होते. म्हणजे एखादा चोर करंट पीत नव्हता, कुणीतरी गाडीला उठवत होतं. स्कॅनर, म्हणजे मॉड्यूलमधले दोष वाचणारं यंत्र, लावून हे सापडत नाही, कारण स्कॅनर जोडला की गाडी त्यानेच जागी राहते.

शेवटी शटर ओढलं आणि वर्कशॉपमधले सगळे दिवे बंद केले. डोळे अंधाराला सरावायला दोनेक मिनिटं लागली. मग ड्रायव्हरच्या पायाशी, डॅशबोर्डच्या खाली, निळसर उजेड दिसला, काजव्याएवढा. बाहेरून बसवलेली एलईडीची स्ट्रिप बंद असायला हवी होती, पण तिच्यातून चिमूटभर करंट वाहत होता.

खालचं कव्हर काढलं. स्ट्रिपची प्लस कायम करंटवर, आणि मायनस ड्रायव्हरच्या दाराच्या वायरीला, जुन्या पद्धतीने, निळ्या चिमटा-कनेक्टरने चावून जोडलेली. हा कनेक्टर मला मुळीच आवडत नाही. तो इन्सुलेशन फाडून तांब्यात घुसतो, चार तारा तोडतो, आणि एक-दोन पावसाळ्यांत तिथे हिरवं बुरशीसारखं गंजतं. दाराच्या वायरीवर बीसीएमच्या कपलरला, म्हणजे वायरींच्या प्लगला, मागून बारीक पिन घालून मोजलं. मागच्या दाराची वायर, जिला कुणी हात लावला नव्हता, गाडी झोपल्यावर खाली जात होती. ड्रायव्हरची मात्र 5 व्होल्टच्या आसपास लटकलेली, ना इकडे ना तिकडे. निळ्या स्ट्रिपमध्ये तीन-तीन एलईडी सिरीजमध्ये असतात. त्या तिघी मिळून सातेक व्होल्ट खातात आणि उरलेले वायरीवर येऊन बसतात. बीसीएमला ते कधी 'दार बंद' वाटायचं, कधी 'दार उघडलं'. उघडलं वाटलं की तो सगळ्यांना उठवायचा.

कनेक्टर सोडवला, तुटलेल्या तारा सोल्डर केल्या, वर श्रिंक स्लीव्ह चढवली. 28 वर आली आणि रात्रभर तिथेच राहिली. काम झालं. बिल करून गाडी देता आली असती.

मी याच जागी अडकलो. तक्रार बॅटरीची होती, ती मिटली होती. छताच्या कडेच्या लाइटबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. पण डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरपासून वरच्या स्ट्रिपकडे वायर गेली होती, आणि ती जायला वाट एकच, पुढच्या काचेच्या बाजूचा खांब. या मॉडेलला सहा एअरबॅग आहेत. खांबाच्या ट्रिमवर, म्हणजे प्लास्टिकच्या कव्हरवर, 'एअरबॅग' असं ठळक कोरलेलं होतं.

बॅटरीची मायनस काढून ठेवली आणि पाच मिनिटं थांबलो. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये चार्ज साठवणारा कपॅसिटर असतो, तो रिकामा होऊ द्यायचा, आणि कपलर सुटा असताना इग्निशन चालू करायचं नाही, नाहीतर डॅशवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो. ट्रिमच्या वरच्या क्लिपला एरवी एक पट्टा असतो. बॅग फुटली की ट्रिम थोडी सुटते, पण पट्ट्यामुळे अंगावर उडत नाही. ही क्लिप एकदा काढली की नवीनच घालायची असते. इथे क्लिपच नव्हती. ट्रिम दुहेरी टेपने चिकटवलेली होती आणि हाताने अलगद निघाली. आत घडी घातलेली कर्टन बॅग, आणि तिच्याभोवती वायर गुंडाळून पांढरा नायलॉनचा टाय करकचून ओढलेला. टायचं टोकही नीट कापलेलं. काम व्यवस्थित दिसावं म्हणून माणसाने काळजी घेतली होती. दुसऱ्या बाजूलाही तेच.

कर्टन बॅग साधारण 30 मिलिसेकंदांत फुगते. तिला छताच्या कडेतून खाली उलगडायचं असतं, आणि त्याच कडेला ॲक्रेलिकची लांब पट्टी बसवलेली होती, डोक्यापासून वीतभर अंतरावर. टायने बॅग अडली असती की टाय तुटला असता, हे मी सांगू शकत नाही, आणि कुणी करून बघावं अशी ती गोष्टही नाही. गाडीत मागे दोन मुलांच्या सीट होत्या.

मालकांना बोलावलं आणि ट्रिम उघडीच ठेवून दाखवलं. ते बराच वेळ टायकडे बघत राहिले. मग म्हणाले, "छताचं सगळं काढा. पण पायाशी लाइट हवाय, आईला रात्री चढताना दिसत नाही." ही गरज रास्त आहे. कंपन्या वरच्या व्हेरियंटला तो लाइट देतात आणि खालच्यांना अंधारात ठेवतात, हे मला पटत नाही.

मग ते काम नीट केलं. चारही सीटच्या पायाशी 30-30 सेंटिमीटर, मीटरला 60 एलईडीची साधी एकरंगी स्ट्रिप, पिवळसर पांढरी. रात्री गाडी चालवताना निळा डोळ्यांना सगळ्यात जास्त त्रास देतो आणि काचेत प्रतिबिंब पडतं. ही स्ट्रिप 12 व्होल्टवर मीटरला 0.4 ॲम्पियर घेते, म्हणजे एकूण अर्ध्या ॲम्पियरच्या आत. पण इंजिन चालू असताना गाडीत 14.4 असतात. तीन एलईडी 9.3 व्होल्ट धरून ठेवतात, म्हणजे स्ट्रिपवरच्या, करंट रोखणाऱ्या रेझिस्टरच्या वाट्याला 2.7 ऐवजी 5.1 येतात आणि करंट जवळजवळ दुप्पट होतो. घरच्या ॲडॉप्टरवर वर्षानुवर्षं टिकणारी स्ट्रिप गाडीत सहा महिन्यांत काळी पडते ती यामुळे. एक 10 ओहम, 5 वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला की 14.4 वरही 330 मिलिॲम्पियरच्या पुढे जात नाही. उजेड कमी होतो, आणि तो कमीच हवा. रेझिस्टर गरम होतो, म्हणून तो कार्पेटला किंवा फोमला न टेकवता धातूच्या ब्रॅकेटवर बांधायचा.

करंट फ्यूज बॉक्समधून, फ्यूज टॅपने, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून एक जादा वायर काढून देणाऱ्या जोडाने, 2 ॲम्पियरचा वेगळा फ्यूज घालून घेतला. टॅप उलटा बसला तर नव्या लाइटचा करंट जुन्या फ्यूजमधूनही जातो. म्हणून जुना फ्यूज काढून कुठल्या पायाला करंट आहे ते आधी मीटरने बघायचं, आणि टॅपचा सामाईक पाय त्या बाजूला ठेवायचा. बल्बवाला टेस्टर इथे वापरू नये. त्याचा करंट मॉड्यूलच्या बारीक आउटपुटला झेपेलच असं नाही.

दार उघडल्यावर लाइट लागायला हवा, तर छताच्या दिव्याकडून फक्त इशारा घ्यायचा, करंट नाही. रिले लावला तर दिवा मंद होताना तो टरटर वाजतो, कारण बीसीएम सेकंदाला शंभरेक वेळा चालू-बंद करून दिवा मंद करतो. म्हणून पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतून आणलेला ऑप्टोकपलर, जो वायर न जोडता उजेडाने इशारा पलीकडे देतो, आणि एक मॉस्फेट, म्हणजे आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. ऑप्टोकपलरला 2.2 किलोओहममधून पाचेक मिलिॲम्पियर लागतात, ते बीसीएमच्या खिजगणतीतही नाहीत. छताचा दिवा हळूहळू विझतो तसाच पायाचा लाइटही विझतो, आणि बीसीएमने दिवा तोडला की हाही तुटतो. वायर सगळी कापडी टेपमध्ये, क्लच-ब्रेकच्या पेडलपासून लांब. स्ट्रिप स्वतःच्या चिकटटेपवर सोडली नाही, एप्रिलच्या उन्हात ती सुटून पेडलमध्ये लोंबते. जागा स्पिरिटने पुसून शिवाय प्लास्टिकच्या क्लिपा. खांबाच्या चारही क्लिपा नव्या मागवल्या, त्यांना तीन दिवस लागले. झोपलेली गाडी शेवटी 28 वरच.

ज्याने आधीचं काम केलं त्या दुकानाचा नंबर बिलावर होता. फोन केला. भांडायला नाही, फक्त सांगायला. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, आम्ही सगळ्या गाड्यांना असंच बांधतो. वायर वाजू नये म्हणून. आजवर कुणाची तक्रार नाही." मी टायचा फोटो पाठवला. निळ्या दोन खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

मालकांनी जाताना सांगितलं की दसऱ्याला त्यांच्या सोसायटीतल्या तिघांनी मिळून तेच पॅकेज घेतलं होतं, तिघांना सूट मिळाली म्हणून. त्यांनी दोघांनाही त्याच दिवशी फोटो पाठवले. एक गाडी पुढच्या रविवारी आली. दोन्ही खांबांत तसेच पांढरे टाय. दुसऱ्याचा मी दोनदा पाठपुरावा केला. त्याची बॅटरी उतरत नाही, तो गाडी रोज चालवतो. म्हणाला, "सध्या काही प्रॉब्लेम नाहीये, सर्व्हिसिंगच्या वेळी बघू." सर्व्हिसिंग ऑगस्टमध्ये आहे.