'अपेक्षा' या शब्दापाशी

सोमवार, रात्री साडेदहा

आज आंतरसांस्कृतिक संवाद या विषयाच्या नव्या वर्गाची पहिली तासिका झाली. दरवर्षीप्रमाणे सुरुवातीची वीस मिनिटे मी काहीच शिकवले नाही. कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि 'या विषयाकडून तुमची अपेक्षा काय आहे, ते नाव न घालता लिहा' एवढेच सांगितले. ३८ चिठ्ठ्या आल्या. जेवण झाल्यावर त्या टेबलावर पसरून दोनदा वाचल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असे वाटले की तपासायला हवा तो माझा प्रश्न.

२२ जणांनी थोड्याफार फरकाने एकच गोष्ट मागितली आहे: कोणत्या देशातील माणसांशी कसे वागावे, याची यादी. जपानी माणसाला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, जर्मन माणसाबरोबरच्या बैठकीला उशीर करू नये, अशा स्वरूपाची. सहा जणांना इंग्रजी सुधारायचे आहे. पाच जणांनी 'मॅडम जे शिकवतील ते शिकायचे' असे लिहून चिठ्ठीची घडी घातली आहे. उरलेल्या पाच चिठ्ठ्या वेगळ्या आहेत. त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

यादीची मागणी मी हलकी मानत नाही. पुण्यात शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांना उद्या हिंजवडीत किंवा खराडीत बसून रात्री परदेशातील ग्राहकांशी बोलायचे आहे, आणि त्या पहिल्या फोनची भीती खरी असते. शिवाय या विषयाचा जन्मच अशा मागणीतून झाला. एडवर्ड हॉल हे मानववंशशास्त्रज्ञ १९५१ ते १९५५ या काळात अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेत, परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवत होते. संस्कृती म्हणजे काय याच्या सिद्धांतात त्या अधिकाऱ्यांना रस नव्हता. तेथे पोहोचल्यावर काय करायचे ते सांगा, असा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहापुढे हॉल यांना आपली शिकवण्याची रीत बदलावी लागली, आणि बोलताना दोन माणसांत किती अंतर असते, वाट पाहायला लावणे म्हणजे काय, गप्प राहण्याचा अर्थ कोठे काय होतो, अशा बारीक गोष्टींकडे ते वळले. विद्यार्थ्यांच्या अपेक्षेने एखादा विषय घडवल्याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही. म्हणून '२२ जणांना हवे आहे ते उथळ आहे' असे म्हणून मला मोकळे होता येत नाही.

तरीही यादी कोठे अपुरी पडते ते त्यांना दाखवावे लागेल. देशोदेशींच्या संस्कृतींची गुण देऊन तुलना करणारे डच अभ्यासक हॉफस्टेड यांचे आकडे मी दरवर्षी शिकवते आणि ते मुलांना फार आवडतात, कारण आकडा पाठ होतो. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील अंतर एखादा समाज किती सहज स्वीकारतो, त्याच्या निर्देशांकात भारताला ७७ गुण आहेत. पण हा आकडा १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांमधून आलेला आहे, हे सांगितल्यावर वर्गाला तो आकडा तितकासा लक्षात ठेवावासा वाटत नाही. प्रश्नावल्या १ लाख १६ हजारांहून अधिक होत्या, हे खरे. पण माझ्या वर्गातील एकाही विद्यार्थ्याच्या घरातले बोलणे त्या आकड्यात नाही.

आता 'अपेक्षा' या शब्दाबद्दल. चिठ्ठ्या वाचताना मनात आले की, हा शब्द आपल्या मुलांनी आजवर कोठे ऐकलेला असतो? 'आमच्या तुझ्याकडून काही अपेक्षा आहेत' असे घरी ऐकलेला असतो. दहावी-बारावीला 'अपेक्षित प्रश्नसंच' हाती आलेला असतो. पुढे लग्न जमवायच्या वेळी स्थळाच्या माहितीत 'अपेक्षा' असा रकाना असतो, आणि तोही बहुधा वडीलधारी माणसेच भरतात. म्हणजे अपेक्षा ही वरून आपल्यावर येणारी गोष्ट आहे, आपण वरच्या माणसाकडे करायची गोष्ट नव्हे, हेच तेरा-चौदा वर्षांच्या शिक्षणातून त्यांना कळलेले आहे. अशा मुलांना पहिल्याच दिवशी 'तुमची अपेक्षा सांगा' असे म्हटल्यावर त्यांनी काय करावे? मला काय वाचायला आवडेल याचा अंदाज बांधून त्यांनी तेच लिहिले असणार. 'मॅडम जे शिकवतील ते' असे लिहिणाऱ्या पाच जणांना मी आजवर आळशी समजत आले. आज वाटते की त्यांनी आपल्या संस्कारात बसणारे उत्तर दिले, आणि माझा प्रश्न मी दुसऱ्या ठिकाणच्या वर्गातून उचलून जसाच्या तसा येथे आणला. आंतरसांस्कृतिक संवादाच्या शिक्षिकेला हे इतक्या उशिरा कळावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता त्या उरलेल्या, वेगळ्या पाच चिठ्ठ्यांपैकी तीन. मिझोरममधील ऐझॉलहून आलेल्या मुलीने लिहिले आहे, 'मी कोणत्या देशाची आहे हे वर्गात कोणी विचारू नये.' टांझानियाच्या विद्यार्थ्याने लिहिले आहे की, येथील लोक त्याला त्याच्या देशातील प्राण्यांबद्दल विचारतात, भाषेबद्दल कोणी विचारत नाही. (नाव घालू नका असे मी सांगितले खरे, पण वर्गात एकट्याच असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?) तास संपल्यावर तो थांबला, म्हणून मीच भाषेची चौकशी केली. स्वाहिलीत वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणतात, त्यावर त्यांनी 'मराहाबा' म्हणायचे असते, आणि त्या शब्दाचे मूळ पाय धरण्यात आहे असे त्याने सांगितले. आपण 'पाया पडतो' म्हणतो ते आठवून मला फार आनंद झाला. तेथे घड्याळाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपल्याकडे पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजल्या जात, हे ऐकून तो थक्क झाला. दहा मिनिटांच्या त्या बोलण्यात जे मिळाले, ते माझ्या कोणत्याही यादीत नव्हते.

कोल्हापूरकडच्या मुलीची चिठ्ठी मात्र वाचून बाजूला ठेवता आली नाही. 'आमच्याकडे मुलीसुद्धा मी येतो, मी जातो असेच म्हणतात. येथे पहिल्या महिन्यात सगळे हसले. आता मी आधी मनात वाक्य सुधारते आणि मग बोलते, तोवर विषय पुढे गेलेला असतो.' मागच्या सत्रात एका दुसऱ्या विषयाला हीच मुलगी माझ्या वर्गात होती. अंतर्गत मूल्यमापनात 'वर्गातील सहभाग' या रकान्यात मी तिला दहापैकी चार गुण दिले होते. ती बोलत नाही, म्हणजे तिचे लक्ष नाही, असा निष्कर्ष मी काढला होता. जे हसत होते त्यांच्या सहभागाला आठ-आठ, नऊ-नऊ गुण होते. ते गुण आता बदलता येणार नाहीत, पण तिच्याशी उद्याच बोलायला हवे, आणि ते वर्गासमोर नव्हे.

हा विषय दोन श्रेयांकांचा आहे, म्हणजे सगळे मिळून ३० तास. त्यांतला एक गेला. तोंडी सहभागाचे दहा गुण काढून तेथे लेखी नोंदवही ठेवावी, असे विभागात सुचवणार आहे. मान्य होईल की नाही ते बैठकीत कळेल. यादी मागणाऱ्यांना यादी देईनच, पण तिची सुरुवात आपल्यापासून करीन: मराठी माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नकार कधी असतो, निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' का म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे 'आम्ही' व त्याला आत घेणारे 'आपण' असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे असताना वर्गात आपण कोणता वापरतो.

उद्या चिठ्ठ्या पुन्हा वाटायच्या आहेत. 'अपेक्षा' हा शब्द वापरायचा नाही. गेल्या महिन्याभरात तुमचे बोलणे समोरच्याला कळले नाही, किंवा समोरच्याचे तुम्हाला कळले नाही, असा एक प्रसंग लिहा, एवढेच विचारीन. भाषा कोणतीही चालेल. मिझो किंवा स्वाहिलीत लिहिलेले मला वाचता येणार नाही, ते लिहिणाऱ्याला माझ्याजवळ बसून समजावून सांगावे लागेल, आणि त्यासाठी मी वेळ राखून ठेवीन. कागद मोठे घ्यायला हवेत. आजच्या चिठ्ठ्या फार लहान होत्या.