पाठ किती जाड ठेवता?

वस्तरा करून घ्यायला येणारा माणूस आधी मुठीबद्दलच विचारतो. शिसम की शिंग, पितळ लावाल का, नाव कोरून द्याल का. पाठ, म्हणजे पात्याची धारेसमोरची जाड कड, किती जाड ठेवता, हे कुणी विचारत नाही. खरं काम तर तिथेच असतं.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. आमच्या सुतारांचं-फिटरांचं सूत तेच, त्यामुळे इथे गोव्यात, डिचोलीत ‘6 सुताचं पातं’ म्हटलं की पुढे बोलावं लागत नाही. 6 सूत म्हणजे 19 मिलिमीटर. त्याला मी पाठ साडेपाच मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. धार लावताना वस्तरा दगडावर सपाट पडतो, पाठ आणि धार दोन्ही टेकतात. म्हणजे कोन धरायचं काम हाताकडे नाहीच, ते पाठीने आधीच उरकलेलं असतं. साडेपाचला धारेचा कोन साधारण साडेसोळा अंश येतो. पाठ 4 मिलिमीटर केली तर तो 12 वर उतरतो, आणि अशी धार राठ दाढीत चुरते. 7 ला नेली की 21 च्या वर, मग केस कापले जाण्याऐवजी ओढले जातात. पुढे वापरणाऱ्याने पाठीवर टेप चिकटवून एखादा अंश वाढवला तर वाढवला, बाकी काही त्याच्या हातात राहत नाही.

रुंद पात्याला पाठ जाड, म्हणून वजनही जास्त. ते उतरवायला पात्याच्या दोन्ही बाजू चाकावर पोकळ, म्हणजे आत खोलगट, घासायच्या. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने वस्तरे भरीव आणि जड असत. जर्मनीतल्या झोलिंगनवाल्यांनी पुढे पाती इतकी पोकळ घासली की नखाने टिचकी मारली तर वाजतात. मला मधलं बरं वाटतं. फार पातळ पातं हनुवटीच्या खुंटांवर थरथरतं.

आता तोल. वस्तरा सरळ उघडायचा आणि पातं मुठीला जोडणाऱ्या खिळीखाली बोट धरायचं. तराजूच्या दांडीसारखा आडवा राहिला तर उत्तम. पात्याकडे जरासा झुकला तरी चालेल. मुठीकडे कलला की संपलं, कारण मग पातं गालावरून उचलायला बघतं, माणूस नकळत दाबतो आणि कापून घेतो.

पणजीचा एक मुलगा पितळेच्या मुठीसाठी हटून बसला होता. “दादा, हातात वजन लागलं पाहिजे.” म्हटलं, “वजन पाहिजे तर पाठीत घे, 7 सुताचं करून देतो. मुठीला पितळ नाही लावणार.” शेवटी फणसावर तयार झाला. फणस हलका, पिवळा रंग पुढे तांबूस होत जातो. मुठीच्या फळ्या पावणेतीन मिलिमीटरच्या, शिसम असतं तर अडीचवर आणल्या असत्या.

मुठीच्या टोकाची पाचर लोकांना शोभेची वाटते. ती बाहेरच्या बाजूला जाड, आत निमुळती घासतो. टोकाची खीळ ठोकली की दोन्ही फळ्या किंचित बाक घेतात आणि दुसऱ्या टोकाला पात्याला चिमटीत धरतात. मग छोट्या हातोडीने पात्याच्या खिळीच्या डोक्यावर टक्‌टक्, दोन ठोके आणि उघडून बघायचं, पुन्हा दोन. पातं स्वतःच्या वजनाने पडता कामा नये आणि उघडताना अंगठ्याला जोरही लागता कामा नये. मिटताना धार लाकडाला कुठेच शिवत नाही ना, हे उजेडासमोर धरून बघतो. पात्याच्या मागे निघालेल्या शेपटीचा बाक मात्र मी मापाने काढत नाही. करंगळी टेकवून बघतो, बोचली की कानस.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कार्बन स्टील एका रात्रीत डाग धरतं. दाढी झाली की कोरडं पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल नको, ते खवट होऊन खिळीपाशी चिकटतं. आणि बाथरूममध्ये तर ठेवूच नका.