दगडी कोठारातले गुऱ्हाळ : आमची वाटचाल

करवीर तालुक्यातील आमच्या मळ्यात काळ्या घडीव दगडाची जी लांबट इमारत आहे, तिच्या अर्ध्या भागात पणजोबांच्या काळी बैल बांधत आणि उरलेल्या अर्ध्यात जोंधळा व भात साठवत असत. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरी पेठेमुळे गुळाला हक्काचा बाजार मिळाला, तसा पंचगंगेकाठच्या इतर मळ्यांप्रमाणे आमच्याकडेही ऊस वाढला. आजोबांनी गोठ्याच्या भागात चुलवाण म्हणजे मोठी भट्टी बांधून तिच्यावर काहील, म्हणजे रस आटवायची मोठी पसरट कढई बसवली, कोठारात गुळाचे रवे म्हणजे ढेपा रचल्या आणि अनेक वर्षे तेच चालले.

पुढे ऊस सहकारी साखर कारखान्यांकडे वळला, गुऱ्हाळ थांबले आणि वडिलांनी इमारत एका खतव्यापाऱ्याला वखार म्हणून भाड्याने दिली. त्याने पोत्यांखाली फळ्यासुद्धा घातल्या नाहीत. खतातील क्षार भिंतीत मुरले, लोणा फुटला म्हणजे क्षार पांढरे होऊन बाहेर आले, आणि तो झाकण्यासाठी त्याने न विचारता सिमेंटचा गिलावा चढवल्यामुळे ओल आत कोंडून दगडांमधला चुना झडू लागला व उत्तरेची भिंत फुगली. गुऱ्हाळ पुन्हा सुरू करण्यासाठी जागा परत मागितली तेव्हा ही धोकादायक इमारत पाडावी असे तो गावभर सांगत फिरला. एवढ्यावर न थांबता त्याने समोरच गुऱ्हाळ थाटले, रसात साखर वितळवली आणि तो माल ‘कोल्हापुरी’ म्हणून आमच्या उत्पादनखर्चाहूनही कमी दराने विकला. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यावरही त्याच्या पाट्या तशाच राहिल्या, याची चीड मला आजही येते.

काहील विकण्याची वेळ आली होती. तेव्हा टिकून राहिले ते आमचे गुळवेमामा, म्हणजे गूळ तयार करणारे कारागीर, जे भेंडीच्या पाण्याने मळी वर आणून ती झाऱ्याने स्वच्छ काढत आणि पाकाचा थेंब पाण्यात टाकून, त्याची गोळी बोटांत दाबून काहील उतरवण्याचा क्षण अचूक सांगत. दुसरे आमचा गूळ घेणारे अहमदाबादचे शेठ, ज्यांनी दसऱ्याला भाव न विचारता आगाऊ रक्कम पाठवण्याचा शिरस्ता त्या हंगामातही मोडला नाही. त्याच पैशातून आम्ही सिमेंट खरवडून काढले आणि चुना मळायच्या घाणीत मळलेल्या चुन्यात हिरड्याचे व आमच्याच गुळाचे पाणी घालून दगडांमधल्या दर्जा म्हणजे सांधे भरले.

ज्यांच्याकडे अशी जुनी दगडी कोठारे आहेत, त्यांनी तिथे खत किंवा मीठ कदापि साठवू नये, सिमेंट लावू देऊ नये आणि भाडेकरारात दुरुस्ती कोणत्या साहित्याने करायची हे स्पष्ट लिहून घ्यावे. भिंतीला श्वास घेता आला पाहिजे, कारण गूळ हवेतील ओल चटकन ओढतो आणि पावसाळ्यात ओलसर जागेत ठेवलेला रवा पाघळतो.

आता चुलवाण पूर्वीच्याच जागी पेटते आणि कोठाराच्या भागात गूळ व काकवीची विक्री होते. उत्तरेच्या भिंतीचे वरचे थर अजून भरायचे असून तो चुना सावकाश वाळू द्यावा लागणार असल्यामुळे यंदाचे पहिले आदण, म्हणजे काहिलीतला पहिला गूळ, दिवाळीनंतरच निघेल.