तिसऱ्या प्रश्नाचे वीस मार्क

मी एका कॉलेजात शिकवतो आणि रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर ग्रामीण विकासाच्या एमएच्या असाइनमेंट तपासतो. गेल्या सत्रातली एक असाइनमेंट अजून डोक्यातून जात नाही.

बाहेरच्यांना वाटतं, दूरशिक्षण म्हणजे पुस्तकं घरी येतात आणि शेवटी एक परीक्षा. आमच्याकडे ३० टक्के भार असाइनमेंटचा आणि ७० टक्के जूनच्या किंवा डिसेंबरच्या परीक्षेचा, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. परीक्षेत ऐंशी मिळाले आणि असाइनमेंट राहिली, तर विषय राहिला. मग पुढच्या सत्राचे नवे प्रश्न घेऊन पुन्हा लिहायचं. परीक्षेचा पेपर कोण तपासतं ते मला कळत नाही आणि विद्यार्थ्यालाही नाही. असाइनमेंट मात्र माझ्या शेऱ्यांसकट त्याच्या हातात परत जाते. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ साली स्थापन झालं, तिथं ही पद्धत रुळली. विद्यार्थी वर्गात येणारच नाही, तर समासातला शेरा हाच त्याचा वर्ग. आमच्यातले बरेच जण ‘गुड’ लिहून गठ्ठा संपवतात. एका असाइनमेंटमागे मिळणारं मानधन पाहिलं की त्यांना बोल लावणं जड जातं, तरी मी लावतो. दिवसभर नोकरी करून, मुलं झोपल्यावर कुणी बारा फुलस्केप पानं हातानं लिहिते, आणि आपण तिला एक शब्द परत देतो!

नक्कल पकडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मला वाटत होतं. हातानंच लिहायचा नियम आहे, पण तयार उत्तरं मोबाईलवर फिरतात. नक्कल करणारा चुकाही उतरवतो. ‘आकृती ४ पाहा’ असं लिहितो आणि आकृती नसतेच. सगळ्यात पक्की खूण म्हणजे गळलेली ओळ. एकच शब्द दोन ओळींत आला की उतरवणाऱ्याचा डोळा पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरतो आणि मधलं वाक्य जातं. त्याला ते कळतही नाही, कारण तो वाचत नसतो, नुसता लिहीत असतो.

त्या गठ्ठ्यात तिसरा प्रश्न होता: सामायिक मालकीच्या संसाधनांचं व्यवस्थापन, आपल्या भागातल्या उदाहरणासह. वीस मार्क. बहुतेकांनी राळेगणसिद्धी नाहीतर सुखोमाजरी उतरवलं होतं. गोव्यात बसून हरयाणातलं गाव ‘आपला भाग’ कसं होतं, हा प्रश्न मी दर वर्षी समासात लिहितो.

आणि मग एकानं खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली शेतजमीन, लिहिलेलं निघालं. पेडणे तालुक्यातला बसकंडक्टर. इंग्रजी मोडकंतोडकं, पण मजकूर असा की मी खुर्चीत सरळ बसलो. मानस म्हणजे बांधातली पाण्याची वाट; मानशीची दारं ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं आपोआप नदीकडे उघडतात, भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं मिटतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. मानशीत मासे धरण्याचा हक्क पावणीला, म्हणजे लिलावाला, लावतात. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळं पाडतात, त्या बिळांतून आधी पाणी झिरपतं आणि मग बांध फुटतो. पूर्वी हे गावकारीकडे, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेकडे, होतं, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांध कुळांच्या संघटनांकडे आले आणि ‘सगळ्यांचं काम कुणाचंच राहिलं नाही’. वीसपैकी सोळा दिले आणि समासात पाच ओळी लिहिल्या.

नऊ असाइनमेंटनंतर तेच उत्तर पुन्हा आलं. शब्द न् शब्द तोच, ‘आमची मानस’सुद्धा. पत्ता वाळपईजवळचा, अंगणवाडी सेविका. तो सत्तरी तालुका, तिथं डोंगर आहेत, कुळागरं म्हणजे पोफळीच्या बागा आहेत. वाळपईला खाजन कुठलं? मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. लाल शाईनं लिहिलं, ‘हे तुमचं नाही,’ आणि असाइनमेंट नामंजूर केली. कोऑर्डिनेटर म्हणाले होते, नियमानं दोन्ही नामंजूर करा. मी कंडक्टरसाठी भांडलो.

तीन रविवारांनी ती केंद्रावर आली. वाळपईहून बस बदलून. काउन्सेलिंगला चाळीसातले चारजण येतात, त्यात ती कधी नव्हती. असाइनमेंट टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “सर, हे माझं आहे.”

मी तिला वाळपईतलं खाजन दाखवायला सांगितलं. जरा तोऱ्यातच.

“मी पेडण्यातल्या कोरगावची, सर. वाळपईला दिलीय मला.”

मी गप्प झालो. ती सांगत राहिली. मानशीवर तिचे वडील होते. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला ते रात्री बत्ती घेऊन बांधावर जायचे आणि ती मागून. दारांच्या फटींत काय कोंबायचे, कुठल्या दाराचा लाकडी खुंटा सैल होता, सगळं. कागदावर आलं नव्हतं ते हे सगळं. सासरचा पत्ता पाहून मी तिचं माहेर पुसून टाकलं होतं. माझी स्वतःची बहीण म्हापशाची, तिचं आधारकार्ड काणकोणचं आहे.

तिला बसवून कोऑर्डिनेटरांच्या कपाटातून कंडक्टरची असाइनमेंट काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. त्याच्या चौथ्या पानावर एक वाक्य पुढच्या वाक्याला जुळतच नव्हतं. तिच्या पानावर लागोपाठच्या दोन ओळींत ‘बांध’ हा शब्द होता, आणि मधली ओळ त्याच्याकडे नव्हती. मी ज्या खुणेचा गर्व करतो, तीच खूण. त्याचं उत्तर तपासताना ती माझ्या डोळ्यांखालून गेली होती, कारण पेडण्याचा माणूस खाजन लिहितो हे मला फार आवडलं होतं.

“त्याला मीच फोटो पाठवले,” ती म्हणाली. “त्याची आई आजारी होती, त्यात डबल ड्युटी. बाकीचे चार प्रश्न त्याचे त्यानं लिहिलेत. त्याचे मार्क काढू नका, सर.”

ॲवॉर्ड लिस्ट, म्हणजे मार्कांची यादी, पुढे गेली होती. दुरुस्तीचं पत्र, त्यावर सह्या, मग वाट पाहणं. परीक्षेच्या चार दिवस आधी तिचे मार्क लागले. कंडक्टरला म्हापशाच्या बसस्टँडवर गाठलं. त्यानं तिकिटाचं मशीन खाली ठेवलं, एकदाही नाकारलं नाही. मी त्याच्या तिसऱ्या प्रश्नाला शून्य दिलं, बाकी ठेवलं. एकाहत्तरचे पंचावन्न झाले, चाळीसला पास. नियमाप्रमाणे दोघंही राहायला हवी होती. तिनं उत्तर दिलं, त्यानं घेतलं, नियम एवढंच पाहतो. मी चूक केली असेन. पण तो नियम लावायचा अधिकार मी त्या लाल ओळीतच घालवला होता, असं वाटतं.

ती ओळ खोडून देतो म्हटलं, तर ती म्हणाली, खोडू नका, पान घाण होईल. मग मी तिच्याखाली लिहिलं: ‘हे तुमचंच आहे. माझी चूक झाली. आकृतीत भरतीच्या पाण्याची रेघ दाखवा आणि तो सैल खुंटा कुठे होता तेही.’

तिनं तिथेच पेन मागून घेतलं आणि खुंटा काढून दाखवला.